‘असण्या’चे घर

भाषेतील काही शब्द घरातील वडीलधाऱ्या माणसांसारखे असतात. ते सदैव घरातच असतात, म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ‘आहे’ हा त्यांतलाच एक. ‘बरे आहे’, ‘ऊन आहे’, ‘बाबा घरी आहेत’ असे म्हणताना आपण हा शब्द दिवसातून शेकडो वेळा उच्चारतो आणि विसरून जातो. शाळेत गुरुजींनी धातू, विभक्ती, प्रयोग सारे घोकून घेतले. परंतु ‘असणे’ या क्रियापदाच्या वाट्याला ‘सहायक’ एवढेच बिरूद आले. आम्हीही साठी उलटेपर्यंत त्याची कधी विचारपूस केली नव्हती. ती करण्याची वेळ आली एका परक्या भाषेमुळे. इंग्रजीच्या शेजारी शतकानुशतके राहूनही तिच्यात विरघळून न गेलेली ती भाषा म्हणजे वेल्श.

आमची कन्या कार्डिफ येथे परिचारिका आहे. नातवाच्या बालपणी तिला हातभार लागावा म्हणून आम्ही उभयता तिच्याकडे जाऊन राहिलो. इकडे वसईला आमची नव्वदीची आई धाकट्या भावाच्या घरी होती. परदेशात म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळ मोठी जाते. जवळच्या वाचनालयात प्रौढांसाठी वेल्श भाषेचा वर्ग भरत असे. नातू पुढेमागे त्या भाषेच्या शाळेत जाणार, तर त्याच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढ्याच हेतूने आम्ही त्या वर्गात जाऊन बसलो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले की, ज्या देशाला जग ‘वेल्स’ म्हणते त्याला आम्ही ‘कम्री’ म्हणतो. ‘वेल्स’ हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले. त्याच्या मुळाशी ‘परका’ अशा अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. ‘कम्री’ हे त्यांचे स्वतःचे नाव. त्याचा मूळ अर्थ ‘एका भूमीतले सोबती’. स्वतःच्याच भूमीत परके ठरलेले हे लोक स्वतःला सोबती म्हणवून घेतात, हे ऐकून त्या भाषेविषयी आमच्या मनात जिव्हाळा उत्पन्न झाला.

त्यानंतर फळ्यावर आले ते ‘असणे’. वेल्शमध्ये त्याला ‘बोद’ म्हणतात, आणि या भाषेत पाऊल ठेवायचे तर पहिला उंबरठा तोच. आपल्या मराठीत ‘आहे’ वाक्याच्या अगदी शेवटी येते. ‘टेबलावर दूध…’ असे कुणी म्हणाले की ऐकणाऱ्याने थांबायचे. दूध आहे की नाही, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. वेल्श माणूस नेमका उलट चालतो. त्याच्या वाक्यात ‘आहे’ सर्वांआधी येते. काय आहे आणि कुठे आहे हे मागाहून. आधी अस्तित्वाची ग्वाही, मग तपशील. आणि या पहिल्या शब्दाचा उच्चार होतो ‘माय’! हा निव्वळ योगायोग आहे. आपल्या ‘माय’शी त्याचे काही नाते नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही घरापासून हजारो मैल दूर बसलेल्या माणसाला प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘माय’ अशी हाक ऐकू यावी, याने मन थोडे हलतेच.

मराठीत जिथे एक ‘आहे’ पुरतो तिथे वेल्शला अनेक रूपे लागतात. साधे विधान करायचे तर ‘माय’. घरात दूध म्हणून काही आहे का, असे विचारायचे तर ‘ओइस’. ठरावीक एखादी वस्तू, म्हणजे सकाळी आणलेले ते दूध, फडताळात आहे का असे विचारायचे तर ‘अदी’. ‘हा शिक्षक आहे’ अशी ओळख सांगायची तर ‘शिक्षक’ हा शब्द आधी येतो आणि मागून ‘इव’. ‘दारात कोण आहे?’ किंवा ‘जो दारात आहे तो’ असे म्हणायचे तर ‘सीध’. वर्गातील एका तरुण इंग्रज गृहस्थांनी वैतागून विचारले, “एका ‘इज’साठी एवढा पसारा कशाला?” बाई शांतपणे म्हणाल्या, “कारण असण्याचे प्रकार निरनिराळे आहेत. देव असणे, दूध असणे आणि तुम्ही शिक्षक असणे या तीन गोष्टी एकच कशा होतील?”

त्याहून नवल म्हणजे या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी सरसकट चालणारे शब्द नाहीत. ज्या रूपाने प्रश्न विचारला त्याच रूपाने उत्तर द्यायचे. दूध आहे का? – ‘ओइस’, म्हणजे ‘आहे’. नसेल तर ‘नाग ओइस’. प्रश्न ‘अदी’ने विचारला तर उत्तरही ‘अदी’. ओळखीविषयीचा प्रश्न असेल, ‘हा शिक्षकच का?’ असा, तर ‘इये’ किंवा ‘नागे’. घडून गेलेल्या कृतीबद्दल विचारले तर ‘दो’ किंवा ‘नाधो’. याचा अर्थ असा, की प्रश्न नीट ऐकल्यावाचून वेल्श माणसाला साधा होकारही देता येत नाही. पुढे आम्हांला वाटू लागले की, ज्या भाषेत अर्धवट ऐकून मान डोलावण्याची सोय नाही, ती भाषा माणसांना ऐकण्याची शिस्त लावत असावी.

वर्गातील इतरांना हा भेद जड गेला. आम्हांला तो ओळखीचा वाटू लागला. रात्री घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, आपल्या मराठीतही तो आहे. ‘देवळात पुजारी नाही’ आणि ‘हा पुजारी नव्हे’ ही दोन वाक्ये पाहावीत. ‘नाही’ने अस्तित्व नाकारले, ‘नव्हे’ने ओळख नाकारली. वेल्शमधील ‘नाग ओइस’ आणि ‘नागे’ यांच्यात हाच फरक आहे. शिवाय आपले ‘होय’ हे मुळात ‘होणे’ या क्रियापदाचेच रूप. आपण होकार देतो तेव्हा नकळत ‘असे असते’ असेच म्हणत असतो. आमच्या आईच्या पिढीची माणसे ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांची कधी गल्लत करीत नसत. आता बोलण्यातून ‘नव्हे’ हळूहळू मागे सरत आहे. त्याच्याबरोबर एक सूक्ष्म विवेकही मागे सरतो आहे, याची जाणीव आम्हांला करून दिली ती वेल्श व्याकरणाने.

पुढच्या काही आठवड्यांत दुसरी ओळख पटली. इंग्रजीत माणसाजवळ सारे काही ‘हॅव’ या क्रियापदाने येते. घर, गाडी, बहीण, ताप, भीती, सगळ्यांचा तो मालक. वेल्शमध्ये मालकीचे असे क्रियापदच नाही. ‘माझी गाडी आहे’ असे सांगायला ते म्हणतात, ‘गाडी माझ्यापाशी आहे’. उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे त्यासाठीचे शब्दयोगी अव्यय बदलते, परंतु क्रियापद तेच, ‘असणे’. आपणही ‘मला दोन मुले आहेत’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’ असेच म्हणतो. माणूस धनी नाही. वस्तू आहेत आणि त्या तूर्त त्याच्यापाशी आहेत, एवढेच.

सुखदुःखांची रीत तर याहून बोलकी आहे. पडसे, ताप, भूक, भीती, लाज ही सारी वेल्श माणसाच्या ‘वर’ असतात. ‘माझ्यावर भीती आहे’, ‘माझ्यावर पडसे आहे’. कुणाचे दहा पौंड देणे लागत असेल तर तेही ‘माझ्यावर आहेत’. आपणही कर्ज डोक्यावर आहे असेच म्हणतो. आणि त्यांचा तो प्रसिद्ध शब्द ‘हिराइथ’, म्हणजे घराची, हरवलेल्या माणसांची, परत न येणाऱ्या दिवसांची ओढ, तीही माणसावरच असते. खांद्यावर ओझे असावे तशी. ते ओझे उतरवता येते की नाही, हे व्याकरण सांगत नाही. परंतु ते म्हणजे आपण नव्हे, आपल्यावर आलेले आहे, एवढा दिलासा ते निश्चित देते.

‘बोद’ या शब्दाच्या कुळाचा शोध घेतला तेव्हा मात्र आम्ही थक्क झालो. भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याचे मूळ आणि संस्कृतातील ‘भू’ धातूचे मूळ एकच. ज्या मुळापासून आपले ‘भवति’ आले, आणि त्यातून मराठीचे ‘होणे’ आले, त्याच मुळापासून पश्चिमेच्या टोकाला ‘बोद’ आले. जुन्या वेल्शमध्ये ‘आहे’ या अर्थाचे आणखी एक रूप होते. त्याचा उच्चार ‘अस्’. संस्कृतातील ‘अस्ति’चे ते सख्खे भावंड. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, आणि केल्टिक भाषाही त्याच कुळातील असाव्यात, असे १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत जाहीरपणे मांडणारे सर विल्यम जोन्स हे वेल्श पित्याचे पुत्र. त्यांचे वडील उत्तर वेल्समधील अँगलसी बेटावरचे. पूर्व आणि पश्चिमेच्या या दोन टोकांमधील नाते ओळखणाऱ्याच्या घराण्यात त्यांतील एक टोक होते, हा योगही मोठा मनोहर आहे.

याच ‘बोद’चा दुसरा अर्थ आहे ‘निवास’. अँगलसीत आणि उत्तर वेल्समध्ये बोदेदर्न, बोदोर्गन, बोदेल्विधन अशी गावे आहेत. त्यांच्या नावाच्या आरंभीचे ‘बोद’ म्हणजे वस्ती, राहते ठिकाण. उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरावर जाऊन राहण्याच्या घराला ते ‘हावोद’ म्हणत, म्हणजे उन्हाळ्याचे ‘बोद’. हिवाळ्यात उतरून यायचे ते खालच्या जुन्या घरी, ‘हेन्द्रे’त. असणे आणि राहणे यांत त्या लोकांनी अंतर ठेवले नाही. आणि आपण तरी कुठे ठेवले? घराला आपण ‘भवन’ म्हणतो तेव्हा ‘भू’ धातूचेच नाव घेतो. त्यांच्या भाषेत ‘जाणणे’, ‘ओळखणे’, ‘भेटणे’ या क्रियापदांच्या शेवटीही ‘बोद’ दडलेले आहे. ग्विबोद, अद्नाबोद, कवार्वोद. ‘सारतत्त्व’ या अर्थाच्या ‘हान्वोद’ या शब्दातही तेच. आणि ‘संपून जाणे’ या अर्थाच्या ‘दार्वोद’मध्येही तेच. जाणले तरी, भेटले तरी आणि संपले तरी, प्रत्येक वेळी आधार असण्याचाच.

श्रद्धावंताला येथे निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जळत्या झुडपापाशी मोशेने देवाला नाव विचारले. आणि देवाने सांगितलेले नाव म्हणजे ‘असणे’ हेच होते. मूळ हिब्रू रूपात ‘आहे’ आणि ‘असेन’ हे दोन्ही अर्थ सामावतात. भाषांतरकाराला मात्र एक निवडावा लागतो. विल्यम मॉर्गन यांनी १५८८ मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. जुन्या वेल्श बायबलमध्ये या ठिकाणी वर्तमानकाळाचे प्रथमपुरुषी रूप योजलेले आहे. रोजच्या बोलण्यात ‘मी बरा आहे’, ‘मी दमलो आहे’ असे म्हणताना वेल्श माणूस जे क्रियापद वापरतो त्याचेच ते जुने, भारदस्त रूप. देवाचे नाव आणि स्वयंपाकघरातल्या दुधाची चौकशी, दोन्ही एकाच क्रियापदाच्या पोटी आहेत, हे आम्हांला फार आवडले. पुष्कळ अभ्यासक असे मानतात की, या भाषांतराने वेल्श भाषेला प्रतिष्ठित गद्य दिले आणि तिला केवळ घरगुती बोली होऊन विरण्यापासून वाचवले.

कारण ती विरावी अशी व्यवस्था तर होतीच. १५३६ च्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श बोलणाऱ्यांना सरकारी पदाची दारे बंद झाली. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतील अडसर असल्याचा शेरा मारला. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. पुढे दुसरा कुणी ती भाषा बोलताना सापडला की तुकडा त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना तो ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा होई. लेकरांनी एकमेकांची मातृभाषा पकडून द्यावी, अशी ही योजना! लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून त्रुवेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेले. त्याचे प्रार्थनामंदिर, त्याची शाळा, त्याची घरे. एक ‘बोद’ दोन्ही अर्थांनी बुडाले.

त्याआधी तीन वर्षे, १९६२ मध्ये, नाटककार साँडर्स लुइस यांनी आकाशवाणीवरील व्याख्यानात इशारा दिला होता की, हीच वाटचाल राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास जिवंत भाषा म्हणून वेल्श संपेल. लुइस हे १९३२ मध्ये कॅथलिक झालेले, चॅपलप्रधान वेल्समध्ये म्हणूनच थोडे एकाकी पडलेले गृहस्थ. त्यांच्या शब्दांनी तरुण पिढी जागी झाली. त्याच वर्षी भाषेसाठी चळवळ करणारी संघटना उभी राहिली. पुढे १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाहिनी आली, १९९३ मध्ये भाषेचा कायदा झाला आणि २०११ मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांची संख्या सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के भरली. दहा वर्षांपूर्वी ती १९ टक्के होती. २०५० पर्यंत १० लाख वेल्शभाषक, हे वेल्स सरकारचे उद्दिष्ट आहे. एकविसावे शतक उजाडले आणि भाषा आहे. परंतु तिच्याविषयीचा प्रश्न अजून ‘ओइस?’ हाच आहे – ‘आहे का?’

वसईच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. आमच्या घरी आईशी बोलणे कादोडीत, चर्चमध्ये आणि शाळेत मराठी, आणि आता नातवंडांच्या तोंडी इंग्रजी. आमच्या गळ्यात कुणी लाकडाचा तुकडा अडकवला नाही. तो न अडकवताही बोली मागे पडते, हे आम्ही आमच्याच अंगणात पाहिले आहे.

आम्ही वर्गात जाऊ लागल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात आई गेली. भावाचा फोन पहाटे आला. मातीला पोहोचणे शक्य झाले नाही. सातव्या दिवसाच्या मिस्सेला पोहोचलो. महिन्याभराने कार्डिफला परतलो आणि संध्याकाळ खायला उठते म्हणून पुन्हा वर्गात जाऊन बसलो. त्या दिवशी पाठ होता कुटुंबाचा. बाईंना काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी एकेकाला विचारीत आम्हांलाही विचारले, “तुमची आई कुठे आहे?” प्रश्नात ते रोजचेच ‘माय’ होते. उत्तरासाठी आम्ही शब्द शोधू लागलो आणि तो सापडेना. ‘मरणे’ हे क्रियापद आम्हांला ठाऊक होते. भूतकाळाचे प्रत्ययही पाठ होते. परंतु ते प्रत्यय या क्रियापदाला लागेनात.

बाईंच्या ध्यानात आले. त्या जवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्या क्रियापदाला आम्ही काळाची रूपे देत नाही. तिथेही ‘असणे’च लागते.” मग त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, ‘बी वारू’. त्यातले ‘बी’ हे ‘बोद’चे भूतकाळी रूप, मरण्याची घटना सांगायलाही असण्याचाच हात धरायचा. दुसरा, ‘माय’ने आरंभ करून पुढे ‘वेदी’ हा शब्द घालायचा. ‘वेदी’ म्हणजे ‘नंतर’. ‘ती मरणानंतर आहे’. पूर्ण झालेली कोणतीही कृती ते असेच सांगतात. तो जेवणानंतर आहे, ती जाण्यानंतर आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात विशेष काही नाही. आपणही ‘आई गेली आहे’ असे म्हणतो आणि त्यातला ‘आहे’ कधी ऐकत नाही. त्या संध्याकाळी तो आम्हांला ऐकू आला. आम्ही दुसरा मार्ग निवडला आणि अडखळत वाक्य पूर्ण केले.

बाईंनी आमचा हात हातात घेऊन सांत्वनाचे जे शब्द उच्चारले त्यांचा शब्दशः अर्थ ‘माझ्यापाशी वाईट आहे’ असा होतो. कुणाचे दुःख ऐकले की वेल्श माणूस हेच म्हणतो. तुमचे दुःख मी समजू शकते, असा दावा त्यात नाही. तुमच्या घरचे वाईट काही अंशी माझ्यापाशीही येऊन राहिले आहे, एवढेच त्यात आहे. इतक्या नेमक्या शब्दांत आमचे सांत्वन कुणी केले नव्हते.

आणखी एक रूप आम्ही त्यानंतर शिकलो. ‘मला ठाऊक आहे की ती आहे’ असे म्हणायचे झाले तर वेल्श माणूस ‘की’ लावून दुसरे वाक्य जोडत नाही. तो म्हणतो, ‘तिचे असणे मला ठाऊक आहे’. मराठीतही ‘ती असल्याचे ठाऊक आहे’ असे म्हणता येतेच. मृतांविषयी ख्रिस्ती माणूस जे काही म्हणू पाहतो त्यासाठी याहून साधे वाक्य आम्हांला अजून मिळालेले नाही.

नातू आता वेल्श माध्यमाच्या शाळेत जातो. आम्ही त्याच्याशी मराठीतच बोलतो, आणि घरात इतर कुणी नसेल तेव्हा कादोडीतही. परवा सकाळी स्वयंपाकघरातून त्याच्या आजीने त्याला विचारले, “बाळा, दूध आहे का रे?” त्याने फ्रिज उघडून पाहिला आणि तिथूनच ओरडून सांगितले, “ओइस!” आजी क्षणभर थांबली, मग म्हणाली, “असेल तर आण.”